ट्यून केलेल्या परफॉर्मन्स गाड्या स्वतंत्र मेक मानाव्यात का?

गोदाकाठ

नमस्कार. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात जपून ठेवलेल्या, आता उत्पादनात नसलेल्या किंवा एरवी क्वचितच दिसणाऱ्या मोटारींची एक नोंदवही आम्ही काही वाहनप्रेमी मिळून तयार करीत आहोत. तिची रचना साधी आहे: आधी मेक, म्हणजे निर्मात्याचे नाव, त्याखाली मॉडेल आणि त्याखाली उत्पादनाचे वर्ष. हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर, स्टँडर्ड, मारुती इथपर्यंत काम सुरळीत झाले. अडचण आली ती परफॉर्मन्स गाड्यांपाशी.

इंदिरानगरमधील एका गृहस्थांकडे टाटा टियागो जेटीपी, म्हणजे टियागोची अधिक ताकदीची आवृत्ती, आहे. नाशिकरोडला एक अबार्थ पुंटो आहे आणि ती फियाटच्या पानावर लिहिण्यास तिच्या मालकांचा ठाम विरोध आहे. अबार्थ 2015 मध्ये स्वतःच्या नावाने भारतात आली, गाडीवर विंचवाचे चिन्ह आहे आणि 145 अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनामुळे ही गाडी साध्या पुंटोपेक्षा सर्वस्वी निराळी ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. गंगापूर रोडवरच्या एका मर्सिडीज सी-क्लासच्या डिकीवर मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांवर दिसणारी एएमजी ही अक्षरे आहेत. याखेरीज एक फोक्सवॅगन पोलो आहे, जिचा टर्बो, एक्झॉस्ट आणि इंजिनाचा मॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील मांडणी) असे सगळेच बदललेले आहे. तिचे मालक तिला ट्यूनरच्या, म्हणजे हे बदल करणाऱ्याच्या, नावानेच ओळखतात आणि नोंदही त्याच नावाने व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे.

आमच्यात दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ज्या गाडीचे इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक आणि बोधचिन्ह बदलले, तिला मूळ कंपनीच्या नावाखाली ठेवणे म्हणजे ते काम करणाऱ्यांचे श्रेय नाकारणे होय. दुसऱ्या मताप्रमाणे असे प्रत्येक नाव वेगळे धरत गेलो, तर नोंदवहीत गाड्यांपेक्षा मेकच जास्त होतील. कोणता निकष लावला असता या सर्व गाड्यांना एकाच न्यायाने वागवता येईल, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सातपूरकर

सातपूर-अंबड पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे माझा कल कोणीकडे आहे ते आधीच सांगतो. गाडीत किती बदल केले याचे मोजमाप करण्याच्या फंदात आपण पडू नये, कारण त्या मोजमापाला कुठेही थांबा नाही. इंजिन बदलले म्हणजे पुरेसे, की गिअरबॉक्सही बदललेला हवा, की पत्राही नवा हवा, यावर रात्रभर वाद घातला तरी तो मिटणार नाही. त्याऐवजी संपूर्ण गाडी म्हणून तिची जबाबदारी कोणी स्वीकारली आहे, एवढेच पाहावे. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर गाडीवरच कोरलेले असते.

आजच्या गाड्यांचा चेसिस क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातील पहिली तीन अक्षरे निर्मात्याची ओळख सांगतात. टाटांची गाडी एमएटीपासून सुरू होते, मारुतीची एमए3पासून आणि आपल्या सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडणारी महिंद्रा एमए1पासून. जर्मनीच्या संकेतांची सुरुवात डब्ल्यूने होते. वर्षाला अगदी थोड्या गाड्या बनवणाऱ्यांसाठीही सोय आहे: त्यांच्या संकेतातील तिसरे स्थान 9 असते आणि नेमका निर्माता पुढच्या तीन स्थानांवरून, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या अक्षरांवरून, ओळखायचा असतो.

या व्यवस्थेचा नीट उलगडा व्हावा म्हणून जर्मनीतील रुफचे उदाहरण घेऊ. बव्हेरियातील फाफेनहाउझेन या गावात 1939 मध्ये सुरू झालेले हे दुरुस्तीचे गॅरेज सत्तरच्या दशकात पोर्शे गाड्यांवर काम करू लागले आणि 1981 मध्ये त्याला वाहननिर्माता म्हणून मान्यता मिळाली. त्यानंतर रुफ पोर्शेकडून केवळ उघडा सांगाडा घेऊ लागले, त्यावर कोणताही क्रमांक नसे, आणि बाकीची गाडी स्वतः उभी करून तिच्यावर स्वतःचा डब्ल्यू09ने सुरू होणारा क्रमांक कोरू लागले. 1987 ची पिवळी सीटीआर, जिने ताशी 339 किलोमीटरचा वेग गाठून त्या वेळच्या भल्याभल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकले, ती अशीच तयार झाली. मात्र ग्राहकाने आपली वापरातील पोर्शे आणून तिच्यावर तेच काम करून घेतले, तर ती गाडी पोर्शेचाच क्रमांक बाळगते आणि पोर्शेच राहते. कारखाना तोच आणि कारागीरही तेच असतात, प्रसंगी इंजिनही तेच असते, तरीही मेक दोन होतात. माझ्या मते आपल्या साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका उदाहरणात आहे.

अल्पिनाचेही तसेच. बुर्कार्ड बोवेनझीपेन यांनी 1965 मध्ये स्थापन केलेली ही कंपनी बीएमडब्ल्यूच्या गाड्या अधिक वेगवान करीत असे, पण 1983 पासून जर्मन सरकारने तिला निर्माता मानले आणि तिच्या गाड्या डब्ल्यूएपी या संकेताने नोंदल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत मात्र अल्पिना बी7 बीएमडब्ल्यूच्या विक्रेत्यांमार्फत आणि बीएमडब्ल्यूच्याच यादीतून विकली गेली. म्हणजे एकच मॉडेल कोणत्या देशात उभे आहे त्यावर त्याची नोंद बदलू शकते, आणि नोंदवही करणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

इंजिनावरून मेक ठरवू नये, यासाठी उलट बाजूचा एक दाखला देतो. इटलीच्या पगानी झोंडामध्ये एएमजीचे बारा सिलिंडरचे इंजिन आहे, पण तिला मर्सिडीज किंवा एएमजी म्हणावे असे कोणाच्याही मनात येत नाही, कारण बाकीची अख्खी गाडी पगानीने उभी केली आणि तिच्याबद्दल उत्तर देण्यास पगानीच बांधील आहे. आपल्याकडच्या डीसी अवंतीलाही हाच न्याय लागू होतो: 2012 च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोमध्ये आलेल्या त्या गाडीत रेनोचे इंजिन होते, पण गाडी डीसीची होती.

तेव्हा पोलो ही फोक्सवॅगनच राहील. ट्यूनरचे नाव शेऱ्यात अवश्य लिहा, सविस्तर लिहा, पण मेकच्या रकान्यात ते नको.

एमएच 15

सातपूरकर काकांनी लिहिलेल्या गोष्टीची कागदोपत्री बाजू मी मांडतो, कारण पेठ रोडवरच्या आरटीओत लोकांची कागदपत्रे सादर करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे.

नव्या गाडीच्या नोंदणीसाठी नमुना 21 मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना 22 मधील रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र लागते. यांपैकी दुसरे अधिक महत्त्वाचे, कारण ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते, असे निर्माता त्यात सही करून सांगतो. त्या सहीच्या मागे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 126 प्रमाणे झालेली चाचणी असते. आपल्या राज्यात ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत होते. ज्याच्याकडे अशी मंजुरी नाही, त्याला ही सही करता येत नाही, आणि ज्याची सही नाही त्याचे नाव आरसीवर निर्माता म्हणून येत नाही.

ट्रकचे उदाहरण पाहा. नुसती चेसिस विकत घेऊन महामार्गालगतच्या बॉडी बिल्डरकडून तिच्यावर केबिन आणि हौदा बांधून घेतला जातो, तेव्हा नमुना 22-अ लागतो. त्याच्या एका भागावर चेसिसचा निर्माता सही करतो आणि दुसऱ्या भागावर बॉडी बिल्डर. डोळ्यांना दिसणारा बहुतेक ट्रक बॉडी बिल्डरच्या हातचा असतो, त्याचे नाव आणि रंगकाम दर्शनी भागावर झळकत असते, तरीही मेक चेसिसच्या निर्मात्याचाच राहतो. वाहनाच्या दिसण्यात इतका मोठा बदल करणाऱ्याला जर कायदा स्वतंत्र मेक मानत नसेल, तर इंजिनाचा मॅप बदलणाऱ्याला तो मान कोणत्या आधारावर द्यायचा?

सीएनजी किटचीही तीच गोष्ट. मंजूर किट अधिकृत केंद्रातून बसवले की आरसीवरील इंधनाची नोंद बदलते. मेकची बदलत नाही.

गोदाकाठ यांनी उल्लेख केलेल्या पोलोविषयी एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने मुळात दिलेला तपशील आणि आरसीवरील तपशील यांच्यात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हे अधिक कडक शब्दांत सांगितले आहे. नोंदवही छापील स्वरूपात येणार असेल, तर त्या मालकांना याची कल्पना देऊन मगच बदलांचे तपशील प्रसिद्ध करावेत. त्या भल्या माणसाला हौसेपायी नाहक त्रास होऊ नये.

टियागो जेटीपीचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. टाटा मोटर्स आणि कोइम्बतूरची जेयम यांच्या संयुक्त कंपनीने ती विकसित केली, ऑक्टोबर 2018 मध्ये ती बाजारात आली, तिचे 1.2 लिटरचे टर्बो इंजिन 114 पीएस शक्ती देत असे आणि ती टाटांच्याच शोरूममधून विकली गेली. मालकांच्या संमतीने चेसिसचा पेन्सिल प्रिंट घ्या: क्रमांकावरची धूळ आणि तेलाचा थर फडक्याने पुसायचा, त्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि शिसे आडवे धरून हलक्या हाताने घासायचे. जी पहिली तीन अक्षरे कागदावर उमटतील, ती तुमच्या नोंदीचा पुरावा. आरसीवरचे टंकन चुकलेले मी पाहिले आहे, पण पत्र्यावर कोरलेले अक्षर टंकनाच्या चुकीने बदलत नाही. आमच्या धंद्यात शेवटचा शब्द त्याचाच.

पाथर्डी फाटा

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत आणि आरटीओच्या कामासाठी ते पुरेसेही आहेत. परंतु गोदाकाठ यांची नोंदवही कराच्या वसुलीसाठी नाही. ती मोटारींच्या इतिहासासाठी आहे, आणि इतिहासाला केवळ तीन अक्षरांवर अवलंबून राहता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली अडचण त्या अक्षरांचीच आहे. बीएमडब्ल्यूच्या एम3 आणि एम5 यांसारख्या अस्सल एम गाड्यांना डब्ल्यूबीएस हा निराळा संकेत आहे, तर साध्या बीएमडब्ल्यूला डब्ल्यूबीए. या गाड्या बनवणारी, 1972 मध्ये बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट म्हणून स्थापन झालेली एम कंपनी कागदोपत्री वेगळी आहे, संकेतही वेगळा आहे. तरीही एम5 ही बीएमडब्ल्यू नाही, असे जगात कोणीही म्हणत नाही, खुद्द बीएमडब्ल्यूदेखील म्हणत नाही. याच्या उलट एएमजीचा दाखला घ्या. 2009 मध्ये दाखवलेली एसएलएस ही एएमजीने पहिल्यापासून स्वतः विकसित केलेली गाडी, पण तिचा क्रमांक मर्सिडीजच्याच संकेताने सुरू होतो. संकेतावरून ठरवायचे तर ज्यांनी पूर्ण गाडी घडवली त्यांना स्थान नाही आणि ज्यांनी मूळ कंपनीचेच मॉडेल धारदार केले त्यांना आहे, असा विपरीत निकाल लागेल.

दुसरी गोष्ट काळाची. एएमजी ही 1967 मध्ये हान्स वेर्नर आउफरेश्ट आणि एरहार्ड मेल्शर यांनी सुरू केलेली स्वतंत्र कार्यशाळा होती. 1971 च्या बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तिची लाल 300 एसईएल 6.8 एकंदरीत दुसरी आली, तेव्हा मर्सिडीजचा तिच्यावर काहीही हक्क नव्हता. 1990 मध्ये सहकार्याचा करार झाला, 1993 मध्ये दोघांनी मिळून केलेली सी36 आली, 1999 मध्ये बहुतांश मालकी मूळ कंपनीकडे गेली आणि 2005 मध्ये संपूर्ण. आता 1985 ची एएमजी आणि 2020 ची एएमजी यांना एकच उत्तर कसे देता येईल? पहिली एका स्वतंत्र कार्यशाळेची कृती आहे, दुसरी मर्सिडीजचीच एक श्रेणी.

अबार्थचा प्रवासही असाच आहे. कार्लो अबार्थ यांनी 1949 मध्ये कंपनी काढली, 1971 मध्ये ती फियाटने घेतली, मध्यंतरी ते नाव फियाटच्या मॉडेलांवरचे एक विशेषण होऊन राहिले आणि 2007 मध्ये त्याची पुन्हा वेगळी कंपनी झाली. साठच्या दशकातील छोट्या रेसिंग अबार्थ गाड्यांना फियाट म्हणणे मला पटत नाही, मग त्यांच्याखाली फियाट 600 चा सांगाडा असला तरी. आपली पुंटो मात्र पुण्याजवळ रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात साध्या पुंटोबरोबरच तयार झाली. नाशिकरोडच्या मालकांच्या भावनांचा पूर्ण आदर ठेवूनही ती फियाटच्याच पानावर शोभेल.

म्हणून माझी सूचना अशी, की निकष संकेताचा न ठेवता स्वातंत्र्याचा ठेवावा: गाडी बनली त्या वर्षी तिच्यावर नाव घालणारी संस्था मूळ कंपनीपासून स्वतंत्र होती का, आणि ती गाडी तिने स्वतःच्या नावाने विकली का?

सातपूरकर

पाथर्डी फाटा यांनी एमचा जो मुद्दा मांडला तो मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. डब्ल्यूबीएस असूनही एम5 बीएमडब्ल्यूच का, तर एम कंपनी संपूर्णपणे बीएमडब्ल्यूची आहे आणि तिच्या गाडीवर बोधचिन्हही बीएमडब्ल्यूचेच आहे. तिने आपण वेगळे असल्याचा दावा कधी केलेलाच नाही. तेव्हा स्वतंत्र संकेत ही पहिली पायरी धरावी आणि स्वतःच्या नावाने विक्री ही दुसरी. दोन्ही पायऱ्या चढणारी गाडीच स्वतंत्र मेक. रुफ आणि जर्मनीतील अल्पिना दोन्ही चढतात, एम दुसरीवर अडते, एसएलएस पहिलीवरच.

परंतु केवळ स्वातंत्र्याचा निकष लावण्यास माझी हरकत आहे. त्या निकषाने नाशिकमधले प्रत्येक ट्यूनिंगचे गॅरेज मेक ठरेल, कारण ते स्वतंत्र तर असतेच आणि आपले स्टिकरही लावते. 1985 ची एएमजी मी मर्सिडीजच्या पानावरच लिहीन, मात्र शेऱ्यात तिला मोठी जागा देईन. ब्रेक निकामी झाले किंवा स्टिअरिंगमध्ये दोष निघाला, तर त्या प्रकारच्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचे कर्तव्य ज्याच्यावर येते, तो निर्माता. हे ओझे उचलण्याची तयारी हेच माझ्या लेखी मेक होण्याचे मोल आहे, आणि ते न उचलता मिळणारे नाव मला मान्य नाही.

अमेरिकेतील शेल्बी या कंपनीचे उदाहरण येथे बोलके आहे. 1965 च्या जीटी350 साठी फोर्डच्या कारखान्यातून पांढऱ्या मस्टँग मोटारी येत. शेल्बीचे लोक त्यांची पुढची बांधणी करीत आणि एसएफएमने सुरू होणाऱ्या क्रमांकाची स्वतःची पट्टी फोर्डच्या कोरलेल्या क्रमांकावर रिव्हेट करीत. फोर्डचा क्रमांक खाली शाबूत असे, पण व्यवहारात चाले तो वरचा. मी ती गाडी शेल्बीच्या पानावर लिहीन.

कसारा घाट

रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसण्याचा अनुभव असल्याने थोडी भर घालतो. नाशिक परिसरात झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या स्पर्धांत आलेल्या गाड्या आठवा: आत रोल केज (अपघातात बचाव करणारा पोलादी पिंजरा), वेगळे सस्पेन्शन, वेगळ्या सीट, पालटून टाकलेले इंजिन. तरीही प्रवेशयादीत गाडीचे नाव मूळ मेकनेच लागते, कारण तिचे होमोलोगेशन, म्हणजे स्पर्धेसाठीची अधिकृत मान्यता, मूळ निर्मात्याने करून घेतलेले असते आणि तांत्रिक तपासणीच्या वेळी त्याच कागदाशी प्रत्येक भाग ताडून पाहिला जातो. गाडी तयार करणाऱ्याचे नाव संघाच्या रकान्यात जाते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. नोंदवहीत ‘कोणी तयार केली’ असा एक रकाना वाढवला, तर पोलोच्या मालकांचेही समाधान होईल असे वाटते.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज आम्ही बसून ठरवले की सातपूरकर काकांच्या दोन पायऱ्या हाच नियम ठेवायचा आणि ‘तयार करणारे’ हा नवा रकाना मॉडेलच्या लगेच शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्यायचा. टियागो टाटाच्या पानावर जाईल आणि त्या रकान्यात जेयमचे नाव येईल. पुंटो फियाटच्या आणि सी-क्लास मर्सिडीजच्या पानावर राहील. पोलोच्या मालकांशी कलम 52 बद्दल मी स्वतः बोलेन.

एक शंका उरते. स्पेनच्या सेआट कंपनीची कुप्रा 2018 मध्ये वेगळा ब्रँड झाली आणि व्होल्वोची पोलस्टार 2017 मध्ये. अल्पिनाच्या नावाचे हक्क बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये घेतले. या नावांना वर्षागणिक वेगवेगळ्या पानांवर लिहायचे का?

पाथर्डी फाटा

होय, आणि त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. 2016 ची लिऑन कुप्रा सेआटच्या पानावर जाईल आणि पुढे कुप्राच्या नावाने आलेली फॉर्मेंटर कुप्राच्या. जुन्या व्होल्वो एस60 पोलस्टारची नोंद व्होल्वोखाली करावी, पोलस्टार 2 ची पोलस्टारखाली. अल्पिनाच्या बाबतीत बुखलो येथील बोवेनझीपेन कुटुंबाच्या कंपनीशी बीएमडब्ल्यूचा करार 2025 अखेरपर्यंतचा होता. तोपर्यंत त्या कंपनीने स्वतःच्या क्रमांकाने बनवलेल्या गाड्या अल्पिना मानाव्यात आणि त्यापुढच्या गाड्यांसाठी बीएमडब्ल्यूच्या पानावर एक उपशीर्षक ठेवावे. दोन्ही पानांवर एकमेकांचा निर्देश द्या, म्हणजे शोधणाऱ्याला अडचण येणार नाही.